पाहिल्यावाचून उचललेले पाऊल

गेल्या दिवाळीच्या सुटीत आमची नात इंदूरला आली होती. येताना तिने जगातील पक्ष्यांचे एक चित्रमय पुस्तक आणले होते. दुपारी जेवणे आटोपल्यावर ती ते घेऊन आमच्या शेजारी बसली आणि एका पानावर बोट ठेवून म्हणाली, ''आजोबा, तुम्ही सेक्रेटरी होतात ना? हा बघा, हाही सेक्रेटरीच आहे!''

आम्ही सेक्रेटरी कधीच नव्हतो. नायब तहसीलदार म्हणून राज्याच्या महसूल खात्यात शिरलो आणि डेप्युटी कलेक्टर होऊन निवृत्त झालो. परंतु मुलांच्या लेखी सरकारी टेबलामागे बसणारा प्रत्येक जण सेक्रेटरीच असतो, म्हणून आम्ही ती चूक दुरुस्त केली नाही. चित्रातील पक्षी मात्र पाहत राहिलो. धड गरुडाचे आणि पाय करकोच्याचे. डोक्यामागे काळ्या पिसांचा तुरा, जणू जुन्या काळच्या कारकुनाने कानामागे एकदम पाच-सहा बोरू खोचून ठेवले आहेत. राखाडी अंग, मांड्यांवर काळी विजार घातल्यासारखी पिसे, नारिंगी चेहरा आणि त्यावर लांब पापण्या. वर्षानुवर्षे ज्या प्रकारच्या माणसांत आम्ही वावरलो, त्यांच्यातील एखादा जुना हेडक्लार्क गवतात उभा आहे असे क्षणभर वाटले.

पुढे काही दिवस आम्ही या पक्ष्याविषयी मिळेल ते वाचले. त्या वाचनातून एक प्रश्न उभा राहिला आणि तो अजून पाठ सोडत नाही. तोच वाचकांपुढे मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम नावाविषयी. सेक्रेटरी म्हणजे आपल्या जुन्या भाषेत चिटणीस. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे, देवास, धार या संस्थानांत ज्यांची घराणी लेखणीच्या बळावर आली व स्थिरावली, त्यांना हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाही. चिटणीस, फडणीस, पोतनीस, सबनीस या सर्व आडनावांच्या शेपटाशी फारसीतील 'लिहिणारा' हाच शब्द बसलेला आहे. म्हणून आम्ही या पक्ष्याला चिटणीस पक्षी म्हणू. त्याच्या इंग्रजी नावाचा उगम कानामागच्या लेखण्यांत आहे, असे बहुतेक ठिकाणी सांगितले जाते. एखाद्या अरबी नावाचा हा अपभ्रंश असावा, असेही काही जण म्हणत आले. परंतु सर्वांत जुना उल्लेख वेगळेच सांगतो. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या एका अधिकाऱ्याने केप ऑफ गुड होपहून एक जिवंत पक्षी हॉलंडला पाठविला होता. त्यावरून १७६९ साली आर्नाउट व्होसमार यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. केपमधील वसाहतवाले त्याची चाल पाहून त्याला 'सॅजिटेरियस' म्हणजे तिरंदाज म्हणत आणि शेतकऱ्यांच्या तोंडी त्याचे 'सेक्रेटेरियस' झाले होते, असे त्यांनी नोंदविले आहे. शास्त्रीय नावात आजही तो तिरंदाज कायम आहे. नेम धरून सावधपणे पावले टाकणारा तिरंदाज लोकांच्या जिभेवर फिरता फिरता कारकून झाला, ही गोष्ट आम्हा सेवानिवृत्तांना थोडी बोचणारी आहे. तिचे कारण पुढे येईल.

हा पक्षी सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत, उघड्या गवताळ माळांवर आणि विरळ झाडांच्या प्रदेशात राहतो. उंची सुमारे सव्वा मीटर, वजन चार किलोच्या आसपास, पंखांचा विस्तार दोन मीटरांच्या घरात. शिकारी पक्ष्यांत इतके लांब पाय दुसऱ्या कोणाचे नाहीत. त्याच्या कुळात तो एकटाच आहे. पंख उत्तम आहेत, उंच घिरट्याही घेतो. पण भक्ष्य शोधायचे ते मात्र पायी. सकाळी बाभळीच्या सपाट शेंड्यावरून खाली उतरावे आणि दिवसभर गवत तुडवीत हिंडावे, असा त्याचा क्रम असतो. एका दिवसात तो वीस ते तीस किलोमीटर चालतो, असे अभ्यासक सांगतात. नर-मादी बहुधा एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात राहून चालतात. मधूनच जमिनीवर पाय आपटून दडलेले प्राणी उठवतात. वणवा लागून गेलेल्या माळावर तर हे पक्षी आवर्जून येतात, कारण तेथे आडोसा उरलेला नसतो. नाकतोडे, उंदीर, सरडे, पक्ष्यांची अंडी, पिल्ले आणि साप असे त्याचे खाणे आहे. भक्ष्य लहान असेल तर चोचीने उचलतो. सापासारखे धोक्याचे असेल तर पायाने मारतो.

या मारण्याविषयी एक प्रयोग झाला आहे. इंग्लंडमधील हँपशर परगण्यात शिकारी पक्ष्यांचे एक संगोपन केंद्र आहे. तेथील मॅडलिन नावाच्या पक्ष्याला रबरी सापावर लाथ मारण्याचे शिक्षण दिलेले होते. स्टीव्ह पोर्तुगाल, मोनिका डेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जमिनीत दाब मोजणारी एक फळी लपवली आणि तिच्यावरून तो रबरी साप ओढत नेला. त्यांचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. लाथेचा जोर सुमारे १९५ न्यूटन, म्हणजे पक्ष्याच्या स्वतःच्या वजनाच्या पाचपट भरला. पाय आणि साप यांचा स्पर्श सरासरी पंधरा मिलीसेकंद, म्हणजे एका सेकंदाच्या सुमारे सहासष्टाव्या भागाइतकाच टिकला. आपल्याला पापणी लवविण्यास याच्या कितीतरी पट वेळ लागतो.

या दुसऱ्या आकड्याचा अर्थ विचार करण्यासारखा आहे. एवढ्या लांब पायातून स्पर्शाची वर्दी मज्जातंतूंवाटे वर जाणार, तेथून हुकूम खाली येणार आणि मग पायाची दिशा बदलणार, याला पंधरा मिलीसेकंद पुरत नाहीत. म्हणजे पाय पडत असताना तो सुधारता येत नाही. डोके कोठे आहे, ते कोणीकडे सरकेल, किती जोराने मारायचे, हे सारे डोळ्यांनी अगोदरच ठरलेले असावे लागते. एकदा पाऊल सुटले की ते सुटले. नेम चुकलाच तर मागे सरायचे, पुन्हा पाहायचे आणि पुन्हा मारायचे. विषारी सापापुढे अशी दुसरी संधी मिळेलच, याची मात्र शाश्वती नसते.

हे वाचले त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही, कारण पडत असताना सुधारता न येणारी पावले आम्हीही उचललेली आहेत. आमचे पाऊल म्हणजे आमची सही. पक्ष्याच्या आणि आमच्या पावलांत फरक इतकाच, की पक्षी पाहिल्यावाचून पाऊल उचलू शकत नाही. आम्हाला ते शक्य होते. यातून प्रश्न असा निघतो: जे कृत्य परत घेता येत नाही, ते स्वतः पाहिल्यावाचून, दुसऱ्याच्या सांगण्यावरून करण्याचा अधिकार माणसाला आहे काय? आणि केले, तर त्याचा दोष कोणाकडे जातो?

उत्तराकडे जाण्यापूर्वी साप या शब्दाकडे पाहू. चिटणीस पक्ष्याची कीर्ती साप मारणारा म्हणून आहे. त्याच्या शास्त्रीय नावाच्या उत्तरार्धातही सापच आहे. केपमधील शेतकरी घराभोवतीच्या उपद्रवी जिवांचा बंदोबस्त व्हावा म्हणून हा पक्षी पाळीत असत. दक्षिण आफ्रिकेने २७ एप्रिल २००० रोजी नवे राजचिन्ह स्वीकारले. त्यात पंख उभारलेला हाच पक्षी आहे, आणि साप मारणारे त्याचे पाय हे शत्रूपासून राष्ट्राच्या रक्षणाचे प्रतीक मानले आहे. सुदानच्या राजचिन्हातही तो ढाल घेऊन उभा आहे. वस्तुतः त्याच्या आहारात सापांचा वाटा थोडा असतो. पोट भरते ते मुख्यतः किडे आणि उंदीर यांच्यावर. परंतु नाकतोडे खाणाऱ्याला कोणी राजचिन्हात बसवीत नाही. मारला जाणारा आपला वैरी असेल तर मारणारा पुण्यवान ठरतो. प्रहाराची नैतिक किंमत आपण प्रहारावरून ठरवीत नाही, तो कोणावर पडला त्याच्या नावावरून ठरवितो.

पक्ष्याला हे नाव ठाऊक नाही. त्याच्यापुढे 'साप' नावाची जात नसते. या गवतात, या क्षणी, या बाजूला डोके असलेला हा एक साप असतो. तो त्याचा द्वेष करीत नाही आणि त्याला दुष्टही समजत नाही. म्हणून त्याला त्याच्याकडे नीट पाहावे लागते. आपण नाव देतो आणि पाहण्याच्या श्रमातून सुटतो. सरकारी कागदावर असे शब्द पुष्कळ असतात. त्यांपैकी ज्या एका शब्दाने आम्हाला फसविले, तो म्हणजे 'अतिक्रमक'. फसविले म्हणणेही बरोबर नाही. आम्ही त्या शब्दाच्या आड लपलो.

ही १९९२ सालची गोष्ट. माळव्यातील एका तहसिलीत आम्ही तहसीलदार होतो. तहसिलीचे आणि गावाचे नाव येथे देत नाही. एका गावाच्या शिवेवरील शासकीय पड जमिनीवर कोणी झोपडी बांधली आहे, भोवती काट्यांचे कुंपण घातले आहे, असा पटवाऱ्याचा अहवाल आला. जमिनीचे वर्णन 'पड, गवत' एवढेच होते. भू-राजस्व संहितेच्या कलम २४८ खाली प्रकरण नोंदले गेले, नोटीस निघाली. झोपडीत कोणी न भेटल्यामुळे ती दारावर चिकटवली, असे तामिलीवर लिहून आले. पेशीच्या तारखेस कोणी हजर झाले नाही. आम्ही एकतर्फी बेदखलीचा आदेश दिला. त्या सायंकाळी टेबलावर आणखी पुष्कळ फाइली होत्या. या फाइलीला आमची पाच मिनिटे तरी मिळाली की नाही, हे सांगता येणार नाही. ते गाव आमच्या कचेरीपासून अठरा किलोमीटरांवर होते. जीप होती, डिझेल होते, रस्ताही होता.

महिन्याभराने एक वयस्क मेंढपाळ कचेरीत आला. कुटुंब कळप घेऊन चराईला गेले होते आणि परतले तेव्हा झोपडीच्या जागी माती होती. चाऱ्याची गंजी आणि लोकर पावसात भिजून कुजली होती. त्याने कापडात गुंडाळलेला एक कागद काढून आमच्यापुढे ठेवला. त्याच्या आजाला होळकरशाहीत त्या माळावर मेंढ्या बसविण्याची परवानगी मिळाली होती, त्याचा तो कागद होता. कायद्याच्या दृष्टीने त्याची किंमत काय, हा वादाचा विषय होता. पण तो ऐकण्यासारखा होता आणि आम्ही तो ऐकला नव्हता. म्हातारा रागावला नाही. माळवीत त्याने इतकेच विचारले, की साहेब, आपण तेथे आला होतात काय?

आम्ही त्याला नियम सांगितला. नोटीस, तामिली, एकतर्फी आदेश, अपील, सगळे नीट समजावून सांगितले. त्याने ते ऐकून घेतले आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला.

पुढे अपिलात तो आदेश रद्द झाला. परंतु तोपर्यंत ते कुटुंब तेथून निघून गेले होते आणि रद्द झालेल्या आदेशाची प्रत कोणाच्या हातात द्यावी, हे कोणालाच ठाऊक नव्हते. तीही बहुधा कोठेतरी चिकटवली गेली असेल.

आता आमच्या बाजूने जे बोलता येण्यासारखे आहे, ते बोलू. गेली अनेक वर्षे आम्ही ते मनाशी बोलत आलो आहोत, त्यामुळे आम्हाला ते पाठ आहे.

पहिला बचाव असा, की पक्ष्यापासून माणसाने नीती शिकावी हेच मुळात चूक आहे. पक्ष्याला भूक आहे, विवेक नाही. तो पाहतो ते साप चावू नये म्हणून. सापावर अन्याय होऊ नये म्हणून नव्हे. हे आम्हाला संपूर्ण मान्य आहे. निसर्गात जे घडते ते आपले कर्तव्य ठरत नाही. तसे असते तर त्याच न्यायाने अनेक क्रूर गोष्टीही कर्तव्य ठरल्या असत्या. परंतु पक्ष्याकडून आम्ही कर्तव्य घेत नाही, फक्त एक वस्तुस्थिती घेतो: जेथे मधल्या वेळात सुधारणा शक्य नसते, तेथे सगळी सावधगिरी आधीच खर्च करावी लागते. पक्ष्याला चुकीची किंमत स्वतःच्या देहाने मोजावी लागते, म्हणून त्याला पाहण्याची सक्ती आहे. आमच्या चुकीची किंमत दुसरा मोजतो, म्हणून आमच्यावर ती सक्ती नाही. सक्ती नाही तेथेच कर्तव्याचा आरंभ होतो.

दुसरा बचाव व्यवहाराचा आहे. अधिकारी प्रत्येक ठिकाणी जाऊन पाहू लागला तर कारभार कसा चालेल? तालुक्यात शेकडो गावे, हजारो खातेदार. विश्वास ठेवल्याशिवाय गत्यंतर नाही. हा बचाव खरा आहे, आणि आपल्या शास्त्रकारांनीही त्याला जागा दिली आहे. नैयायिकांनी प्रत्यक्ष आणि अनुमान यांबरोबर शब्दालाही प्रमाण मानले आहे. आपण स्वतः न पाहिलेले बहुतेक सारे आपल्याला शब्दानेच कळते. पण शब्द प्रमाण होतो तो आप्ताचा. आप्त म्हणजे नातलग नव्हे. ज्याने ती वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. पटवाऱ्याने तो माळ पाहिला होता काय, की जुन्या खसऱ्यावरून 'पड, गवत' उतरवून काढले होते? नोटीस खरोखर दाराशी गेली होती काय? हे दोन प्रश्न विचारण्यासाठी जीपही लागत नव्हती. दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहणे हा दोष नव्हे. ते डोळे उघडे होते की मिटलेले, याची चौकशी न करणे हा दोष आहे.

येथेच एक प्रमाणही ठरविता येते. कृत्य जितके परत घेता येण्यासारखे, तितके ते कागदावर करण्यास हरकत कमी. दंड परत देता येतो, बदली रद्द करता येते, थांबविलेले वेतन फरकासह देता येते. घर पाडणे, माणसाला गावातून उठविणे, उभे झाड तोडणे यांतील काहीच परत देता येत नाही. जे परत देता येत नाही, त्याच्याजवळ पायी जावे, निदान एकदा तरी जावे. आम्हाला वाटते, एवढा नियम कोणत्याही कारभाराला झेपेल.

तिसरा बचाव अधिक सूक्ष्म आहे. पाहिल्याने मन कलते. म्हाताऱ्याचा चेहरा पाहिला की दया येते, दया आली की न्याय पातळ होतो. न्यायदेवतेच्या डोळ्यांवर पट्टी बांधतात ती याचसाठी. सेवेच्या आरंभी आम्हाला हा विचार फार पटत असे. आता वाटते, की ती पट्टी पक्षकाराचे तोंड न पाहण्यासाठी आहे. त्याची जमीन न पाहण्यासाठी नव्हे. धनी कोण, जात कोणती, ओळख कोणाची, हे न पाहावे. झोपडी किती जुनी, चुलीचा धूर भिंतीत किती मुरला आहे, विहिरीच्या कडेला दोराने किती खोल चरे पाडले आहेत, हे पाहावे. ते पाहणे दया नव्हे, पुरावा आहे.

शेवटचा बचाव गीतेच्या आधारे केला जातो, आणि आमच्या पिढीतील अधिकाऱ्यांच्या तोंडी तो नेहमी असे: आम्ही फळाची आशा न धरता नियत कर्म केले, मग दोष कसला? त्या प्रकरणात आमचा काही स्वार्थ नव्हता हे खरेच आहे. परंतु फळाची आशा सोडायची ती स्वतःला मिळणाऱ्या फळाची. दुसऱ्यावर होणाऱ्या परिणामाची चौकशी सोडावी, असे गीता सांगत नाही. अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, निरनिराळ्या क्रिया आणि दैव. एकट्या कर्त्याने सारे केले असे मानू नये, हे तेथील तात्पर्य. आणि आमच्यासारखे लोक त्याचा आधार घेऊन दोष पाच जणांत वाटून टाकतात. पटवाऱ्याने लिहिले, चपराशाने चिकटवले, कायद्याने सांगितले, दैवाने पाऊस पाडला. आम्ही फक्त सही केली. पण पाच कारणांत पहिले अधिष्ठान आहे, हे आम्ही विसरतो. आचार्यांनी अधिष्ठान म्हणजे देह असा अर्थ केला. साध्या भाषेत घेतले तर कर्म करणारा ज्यावर उभा असतो ते. आमचा देह त्या माळावर कधी उभाच राहिला नाही. म्हणजे ज्या कर्माला अधिष्ठानच नव्हते, ते आम्ही कर्तव्य म्हणून केले. दोष पाच ठिकाणी वाटला तरी कर्त्याचा वाटा शून्य होत नाही.

हे झाले माणसापुरते. चिटणीस पक्ष्याच्या कथेचा उत्तरार्ध मात्र आमच्या या कबुलीला अगदी लागून आहे.

आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाच्या यादीत हा पक्षी २०११ साली 'असुरक्षित' गटात गेला आणि २०२० साली त्याहून गंभीर अशा 'संकटग्रस्त' गटात. त्याला कोणी मुद्दाम मारत सुटले आहे, असे नाही. त्याचे गवत जात आहे. दक्षिण आफ्रिकेच्या पठारावर मक्याची शेते, कोळशाच्या खाणी, लागवडीची जंगले आणि शहरे गवताळ माळावर पसरली. कोठे गुरे अति चरली, कोठे काटेरी झुडपे माजली आणि चालणाऱ्या पक्ष्याला चालण्याची जागा उरली नाही. तारांच्या कुंपणात हे पक्षी अडकतात, विजेच्या तारांवर आदळतात. जंगल तोडले तर निदान कोणी हळहळते. माळ नांगरला तर प्रगती झाली असे म्हणतात. गवताची जमीन म्हणजे काही नसलेली जमीन, अशी समजूत जगभर आहे.

आपल्याकडे तर ती आम्ही स्वतः कागदावर उतरविली. महसुली दफ्तरात गवताळ माळांची गणना पड वा पडीक जमिनींत होत आली. ज्यावर कर बसत नाही ते रिकामे, एवढीच त्यामागची दृष्टी. माळढोक हा आपला जमिनीवरचा मोठा पक्षी. चिटणीस पक्ष्याचा तो नातलग नव्हे, पण त्याचीही अवस्था याच समजुतीपायी अशी झाली. शिवपुरी जिल्ह्यात करेरा येथे १९८१ साली त्याच्यासाठी अभयारण्य घोषित झाले. त्याच्या हद्दीत गावांच्या खाजगी जमिनीही आल्या, त्यांच्या खरेदी-विक्रीला बंदी झाली, लोकांचा पक्ष्यावरच रोष झाला आणि गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात माळढोक तेथून नाहीसा झाला. हे उदाहरण आम्ही मुद्दाम देतो. तेथे हेतू वाईट नव्हता, पक्ष्याच्या कल्याणाचाच होता. पण नकाशावर रेघ ओढताना त्या रेघेच्या आत कोण राहते, हे पुरेसे पाहिले गेले नाही आणि शेवटी माणूस व पक्षी दोघांचेही नुकसान झाले. न पाहता केलेले भलेही बुरे होऊ शकते.

तेव्हा नावाचा तो खेळ आता पुन्हा आठवतो. गवतात दिवसभर पायी हिंडणारा, पाहिल्यावाचून पाऊल न टाकणारा पक्षी. त्याला लोकांनी नाव दिले बसून लिहिणाऱ्याचे. आणि बसून लिहिणाऱ्यांनी आपापल्या देशांत एकाच लेखणीने त्याच्यासारख्यांचे माळ आणि मेंढपाळांच्या झोपड्या 'पड' म्हणून लिहून टाकल्या. आमच्या पूर्वजांना लेखणीचा अभिमान होता आणि तो रास्त होता. लेखणीनेच आम्हाला या परमुलखात घर दिले. पण जुन्या काळी पाहणीचे कामगार गावोगाव घोड्यावर फिरत, डेरा टाकून राहत, शिवेवर उभे राहून मोजणी करीत. तेव्हाही अन्याय होत असत. परंतु अन्याय करणाऱ्याला ती जागा दिसलेली असे. तो तिरंदाज होता. आम्ही कारकून झालो.

दोषाचे उत्तर आम्ही वर दिले. प्रायश्चित्ताचे उत्तर आमच्याजवळ नाही. त्या म्हाताऱ्याचा शोध आम्ही पुढे घेतला, पण तो लागला नाही. नंतरच्या सेवेत बेदखलीचे प्रत्येक प्रकरण आम्ही जागेवर जाऊन पाहिले. त्यांपैकी काहींत आदेश द्यावाच लागला आणि दिला. जाऊन पाहिल्याने प्रत्येक वेळी निकाल बदलतो, असे नाही. बदलतो तो निकाल देणारा. 'आपण तेथे आला होतात काय?' असे कोणी विचारले तर त्याला उत्तर देता येते, आणि ज्याच्याविरुद्ध निकाल गेला त्यालाही एवढे तरी कळते, की आपल्याला उठविणाऱ्याने आपले घर पाहिले होते. ही भरपाई नव्हे. पण हे नसेल तर बाकीचे सारे नियम पाळूनही काहीतरी राहून जाते, असा आमचा अनुभव आहे.

सुटी संपून जाताना नातीने पुस्तक आमच्यापाशीच ठेवले. निघण्यापूर्वी ते पान उघडून तिने पुन्हा विचारले, ''आजोबा, मग तुम्ही होतात ना याच्यासारखे?'' या वेळी मात्र आम्ही तिची चूक दुरुस्त केली. म्हटले, ''नाही ग. तो खूप चालतो. आम्हाला चालायला फार उशिरा सुचले.''